शिळफाटा बंद, खात्रीलायक वृत्त

३ नोव्हेंबर

रोजनिशी सुरू. कोणी वाचावी म्हणून नाही. मोठ्या कामाच्या सुरुवातीला आपल्या डोक्यात काय चाललं होतं हे माणूस नंतर विसरतो, म्हणून.

ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट आलं. 'जावास्क्रिप्ट बेसिक'. बायकोनं, सुरभीनं, विचारलं, बेसिक म्हणजे किती. मी म्हणालो, बेसिक म्हणजे पाया. ती बरं म्हणाली आणि रिसॉर्टवर ड्युटीला गेली.

योजना अशी. कर्जत-खालापूरच्या माणसाला आपल्या भागातल्या बातम्या एका जागी मिळत नाहीत. एक या पेपरात, एक त्या पेपरात, उरलेल्या सलूनमध्ये. पण प्रत्येक पेपरच्या साइटला मागच्या बाजूनं एक फीड असते. तिच्यात दिवसभराच्या बातम्या एक्सएमएलमध्ये बांधून ठेवलेल्या असतात. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. मोठा डबा पेपरचा, आत एकेका बातमीचा डबा, त्यात शीर्षकाची डबी, तारखेची डबी, मजकुराची डबी. माझा प्रोग्राम हे सगळे डबे ब्राउझरमध्येच उघडणार. ज्या बातमीत कर्जत, खालापूर, खोपोली, कळंब, शिळफाटा, भिवपुरी यांपैकी एखादा शब्द असेल तेवढीच उचलणार आणि पानावर मांडणार. ना सर्व्हर, ना ऑफिस, ना बातमीदार.

सुरभीनं संध्याकाळी विचारलं की मग बातम्या तपासणार कोण. कोणीच नाही, असं मी अभिमानानं सांगितलं.

नाव ठरलं: उल्हास-पाताळगंगा लाइव्ह. दोन्ही तालुक्यांच्या नद्या आल्या. कोणी रुसायला नको.

कंपनीतली शिल्लक रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. 'पत्रकारिता' असं लिहिलं. त्यांनी खोडून 'घरगुती' केलं.

५ नोव्हेंबर

कोड लिहिला. पान उघडलं. पांढरं.

खाली लाल अक्षरांत एरर. तीच फीड मी स्वतः दुसऱ्या टॅबमध्ये उघडली तर समोर दिसते. माझ्या कोडनं मागितली की ब्राउझर आडवा येतो. म्हणतो, त्या साइटनं तुमच्या पानाला परवानगी दिलेली नाही. याला कॉर्स म्हणतात. कोर्समध्ये कॉर्स नव्हता.

आबांना सांगितलं. आबा, माझे वडील, म्हणाले, दुसऱ्याच्या घरातली वस्तू हाय तर इचारायला नको का रं. मी म्हणालो, इंटरनेटवर कोणी कोणाला विचारत नाही. आबा म्हणाले, मग अडलंय कशाला.

सरळ मार्ग धरायचं ठरवलं. एका दैनिकाच्या ऑफिसात फोन केला. मला तुमची फीड मिळत नाही, असं स्पष्ट सांगितलं. बाई फार नम्र होत्या. कधीपासून मिळत नाही, गाव कोणतं, घराची खूण काय, सगळं लिहून घेतलं. उद्यापासून नक्की मिळेल म्हणाल्या.

मोठ्या संस्था अशा असतात.

६ नोव्हेंबर

सकाळी अंगणात पेपर पडला. कागदाचा. पेपरवाला पोऱ्या म्हणाला, वरून कम्प्लेंट आली होती.

आबा खूश. ब्राउझर अजून लाल.

९ नोव्हेंबर

विजय. एक फुकट प्रॉक्सी सापडली. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तो पेपरकडून फीड घेतो आणि आपल्या नावावर मला देतो. ब्राउझरला वाटतं, सगळं रीतसर आहे. हा मधला माणूस कोण, कुठला, का करतो, याची साइटवर माहिती नाही. माझा माणसांवर विश्वास आहे.

फीड आली. पन्नास बातम्या. सगळ्यांचं शीर्षक एकच: अनडिफाइंड.

आबांनी डोकावून विचारलं की हे गाव कुठं आलं.

१३ नोव्हेंबर

शीर्षकं आली. चूक माझी नव्हती. डबीतून मजकूर बाहेर काढताना त्याच्याशी अमुक पद्धतीनंच बोलावं लागतं, हे त्यांनी ठळकपणे सांगायला हवं होतं.

आता नवीन त्रास. एका बातमीत कोणीतरी दोन नावांच्या मध्ये इंग्रजी ॲन्डची ती वेटोळी खूण टाकली. एक्सएमएलला ती चालत नाही. एका वेटोळ्यापायी अख्खी फीड नाकारली. पन्नास बातम्या कचऱ्यात. एवढं नाजूक तर आमच्याकडे लग्नात मामाही नसतो.

उपाय एका ओळीचा: जिथे वेटोळं दिसेल तिथे 'आणि' लिहायचं. मराठीची सेवाही झाली.

१४ नोव्हेंबर

अवतरणचिन्हं, कंस वगैरे गोष्टी फीडमध्ये त्याच वेटोळ्यानं सुरू होतात (अवतरणचिन्ह म्हणजे वेटोळं आणि पुढे क्वॉट), हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आज पानावर अशी बातमी आली: मंत्री म्हणाले आणिक्वॉट रस्ता होणारच आणिक्वॉट.

इद्रिसला दाखवायला लॅपटॉप खोपोलीच्या शिळफाट्याला घेऊन गेलो होतो. इद्रिस माझा कर्जतच्या कॉलेजपासूनचा मित्र. हायवेला लागून त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं ती बातमी दोनदा वाचली आणि विचारलं की हे आणिक्वॉट कुठल्या पार्टीचे.

फीडचं खरं नाव आरएसएस आहे हेही त्याला सांगितलं. दुकानात जरा मोठ्यानं सांगितलं गेलं. दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. यापुढे फीडच म्हणायचं.

तरीही इद्रिस म्हणाला की चांगलं काम काढलंस जितू. दुकानातला मोठा टीव्ही रस्त्याकडे तोंड करून लावू, लोक उभे राहून वाचतील. याला म्हणतात दृष्टी.

१९ नोव्हेंबर

उद्घाटन. आणिक्वॉट गेले. टीव्ही लागला. इद्रिसच्या बायकोनं, सफियाभाभींनी, सगळ्यांना सरबत दिलं. इद्रिसनं मुंबईच्या दिशेला जाणाऱ्या दोन रिक्षावाल्यांना थांबवून माझी ओळख करून दिली: हे संपादक. इद्रिसची मुलगी हुमा फोनवर पान उघडून म्हणाली, काका, अक्षर छान आहे. अक्षर मी निवडलंय.

पहिली बातमी: कर्जत तालुक्यात ज्वारी जोमात.

आपल्याकडे ज्वारी? बातमीदार नवीन असावा. किंवा शेतकरी पुढे गेलेत आणि आम्ही मागे.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, मी जल्मापासून भात लावतोय, ज्वारी कोन लावतोय त्याचं नाव सांग. मी म्हणालो, फीडमध्ये नाव नसतं.

२२ नोव्हेंबर

वाचक वाढतायत. आजची मोठी बातमी: कर्जतमध्ये बिबट्याचा वावर, ग्रामस्थ भयभीत.

कळंबच्या सगळ्या ग्रुपवर मीच टाकली. प्रथम आपल्याच पोर्टलवर, असं खाली लिहिलं.

परिणाम तात्काळ. आबांनी शेळी माजघरात बांधली. शेजारच्या सुंदरामावशींनी अंगणातली लाइट रात्रंदिवस चालू ठेवली. ग्रामस्थ खरंच भयभीत झाले. म्हणजे बातमी अचूक होती.

२३ नोव्हेंबर

सुरभी चिडलेली. रिसॉर्टचं शनिवार-रविवारचं बुकिंग पटापट रद्द झालं. शेठनी वॉचमनला थाळी आणि पळी देऊन गेटवर बसवलं. दर अर्ध्या तासानं तो वाजवतो. जी दोन कुटुंबं राहायला आली होती, ती त्या आवाजानं गेली.

याच्या उलट पुण्याहून सहा जण कॅमेरे घेऊन फक्त बिबट्यासाठी आले. त्यांना फ्रंट डेस्कवर सुरभीलाच तोंड द्यावं लागलं. बिबट्या कुठल्या बाजूला बसतो, असं ते विचारत होते. त्यांना शेवटी आमची शेळी दाखवली, त्यांनी तिचेच फोटो काढले.

तिचं म्हणणं, शीर्षक सोडून खालची बातमी वाचायला काय झालं होतं. तिनं वाचली. गावं सगळी अनोळखी. हे कर्जत आपलं नाही, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तिकडे ज्वारी पिकते. तिकडे बिबट्याही असेल.

मी शांतपणे म्हणालो की एका राज्यात एकाच नावाचे दोन तालुके ठेवणं ही पोर्टलची चूक नाही.

२४ नोव्हेंबर

उपाय केला. ज्या बातमीत 'नगर' शब्द असेल ती गाळायची. एक ओळ. सुरभीला दाखवलं. ती म्हणाली, विचार करून केलंय ना. मी फक्त हसलो.

१ डिसेंबर

बातम्या थंडावल्यात. आठवडाभर जवळजवळ काहीच नाही.

याचा अर्थ आपला भाग शांत आहे. भिवपुरीची तर सुरुवातीपासून एकही बातमी आलेली नाही. भिवपुरीकरांचं कौतुक करणारा एक मजकूर टाकायचा विचार आहे.

४ डिसेंबर

सुरभीची मावशी कर्जतला राहते. तिच्याकडे तीन दिवस पाणी नव्हतं. पोर्टल बघून निर्धास्त होती, साठवलंच नाही. पाणी बंदची बातमी नगरपरिषदेनं सगळ्या पेपरांना दिली होती म्हणे.

नगरपरिषद. नगराध्यक्ष. नगरसेवक. सगळ्यांत 'नगर' आहे. माझ्या एका ओळीनं सगळी नगरपरिषद गाळली.

मावशींना फोनवर समजावलं की हे फिल्टर किती कडक आहे याचंच लक्षण. त्यांनी मागून बादल्यांचा आवाज ऐकवला.

७ डिसेंबर

'नगर' काढलं. त्याऐवजी 'अहिल्यानगर' टाकलं. आता सिस्टिम परिपूर्ण.

कळंब बाजार समितीत सोयाबीनची विक्रमी आवक, ही बातमी आली. आबा सकाळपासून गावात बाजार समिती शोधतायत. बहुतेक धाराशिवकडचं कळंब. मराठवाड्यानंही नावांचा जरा विचार करायला हवा होता.

१५ डिसेंबर

आनंदाची बातमी. हुमाचा निकाह ठरलाय, २८ तारखेला, शिळफाट्यालाच, दुकानाशेजारच्या हॉलमध्ये. मुलगा शोएब, मुरुडचा, मर्चंट नेव्हीत. वडील अकरमभाई, फार शिस्तीचे.

इद्रिसनं मला बोलावून सांगितलं की वऱ्हाड पेणवरून येणार, रविवारचा ट्रॅफिक, तू लक्ष ठेव. लग्नाच्या ग्रुपवर त्यानं स्वतः लिहिलं: रस्त्याच्या खबरीसाठी आमच्या जितूचं पोर्टल बघत जा, घरचा माणूस आहे.

घरचा माणूस. सुरभीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की त्या दिवशी पोर्टल बंद ठेवा आणि वाढायला उभे राहा. तिला माझी जबाबदारी कळत नाही.

निश्चय: २८ तारखेला दर पाच मिनिटांनी फीड वाचणार.

२८ डिसेंबर, सकाळ

हॉलवर आलो. शेरवानीसारखा कुर्ता घातलाय. सुरभी बायकांच्या बाजूला गेली. मी दुकानात टीव्हीसमोर बसलो. कोणीतरी हे काम करायलाच हवं.

आणि आलीच. शिळफाटा चौकात गर्डर बसवण्याचे काम, आज दिवसभर वाहतूक पूर्ण बंद, वाहनांनी महापेमार्गे जावे.

ताबडतोब ग्रुपवर टाकली. वर लिहिलं: शिळफाटा बंद, खात्रीलायक वृत्त.

अकरमभाईंचा फोन आला. बस पेणला पोचली होती. पेणहून खोपोलीचा रस्ता सरळ आहे, असं त्यांचं म्हणणं. महापे तर नवी मुंबईत आलं, तिकडे कशाला. मी म्हणालो की इथे रोज नवीन बायपास होतायत, त्यातल्याच एखाद्याचं नाव असेल. ते म्हणाले, ड्रायव्हर महापे ओळखतो. मी म्हणालो, मग झालं तर. पोर्टलवर आहे ते अंतिम.

शिस्तीचा माणूस. बस वळवली.

२८ डिसेंबर, त्याच दिवशी, रात्री घरी आल्यावर

जे झालं ते क्रमानं लिहितो. म्हणजे पुढे गैरसमज नकोत.

दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर निकाह होता. काझीसाहेब वेळेवर आले. पाहुणे आले. वऱ्हाड नाही. इद्रिस हॉलमधून बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिला. मी टीव्ही दाखवला. टीव्हीवर रस्ता बंद होता. त्याच वेळी आमच्या समोरून एक एसटी गेली. तिच्यामागून दोन टेंपो आणि कोंबड्यांची गाडी. मी सांगितलं की काम थोड्या वेळानं सुरू होणार असेल.

इद्रिसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "जितू, आपण दोघं रस्त्यावर उभे आहोत. तू बघून सांग, रस्ता बंद आहे का चालू?"

मी फोन काढला. पान रिफ्रेश केलं. बंद, असं सांगितलं.

तो आत गेला.

तेवढ्यात अकरमभाईंचा फोन. ते शिळफाट्याला पोचले होते. खरोखरच बंद होता, त्यांच्यासमोर क्रेनवर गर्डर लटकत होता, आणि हॉल कुठल्या बाजूला आहे ते विचारत होते. मी चौकात आहे असं म्हणालो. तेही म्हणाले, आम्हीही चौकातच आहोत. मी हात हलवतो, असं सांगून बराच वेळ हात हलवला.

तो ठाण्याकडचा शिळफाटा होता. त्या बाजूला एक शिळफाटा आहे हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. पण बातमीत 'ठाणे' हा शब्द नव्हता. कोडनं काय ओळखायचं?

पुढचं मला सफियाभाभींनी सांगितलं. मला म्हणजे सुरभीला सांगत होत्या, मी शेजारी होतो. हुमानं मेंदीच्या हातानं भाभींचा फोन घेतला आणि नवऱ्या मुलाला स्वतः लावला. म्हणाली, "शोएब, बातम्या बंद करा, बोर्ड वाचू नका, ग्रुप बघू नका. मी सांगते तसं या." आणि फोन चालू ठेवून बस शिळफाटा ते शिळफाटा आणली. मधे एकदा ड्रायव्हरला फोन द्यायला लावून त्यालाही झापलं म्हणतात. अकरमभाईंनी तिची कौतुकानं तारीफ केली, की मुलगी जहाज चालवील.

काझीसाहेबांचा मधे खालापूरला दुसरा निकाह होता. तो उरकून ते परत आले. सुरभीनं इकडच्या सगळ्या पाहुण्यांना आधी जेवायला बसवलं, म्हाताऱ्यांना पंख्याखाली हलवलं, मुलांना आइस्क्रीम. रिसॉर्टची सवय. दिवस कलल्यावर, असरच्या नमाजनंतर वऱ्हाड आलं आणि निकाह झाला. बिर्याणी दुसऱ्यांदा गरम केल्यावर जास्त चांगली लागली, असं माझं मत आहे. तिथे बोललो नाही.

निघताना इद्रिस पाहुण्यांना निरोप देत होता. माझ्याकडे आला नाही. गर्दी होती.

२९ डिसेंबर

तांत्रिक विश्लेषण केलं. बातमी खरी होती. रस्ता खरोखर बंद होता. वऱ्हाडाला तो बंद असलेला प्रत्यक्ष बघायला मिळाला. पोर्टलच्या अचूकतेबद्दल शंका घेता येणार नाही.

लग्नाचा ग्रुप म्यूट केला. तिकडे फार भावनिक चाललंय.

३ जानेवारी

इद्रिस फोन उचलत नाही. नवीन वर्षाचा सीझन, कव्हर आणि स्क्रीनगार्ड खूप खपतात. कामात असेल.

सुरभी म्हणते, दुकानात जाऊन एकदा सॉरी म्हणा. मी म्हणालो, सॉरी म्हटलं की चूक मान्य केल्यासारखं होतं. ती म्हणाली, हो. मग शेळीला पाला टाकायला गेली.

प्रत्येक बातमीखाली आता एक ओळ येते: ही बातमी आपल्याच गावची असल्याची खात्री वाचकाने स्वतः करावी. यापेक्षा प्रामाणिक पोर्टल दाखवा.

१२ जानेवारी

मधला माणूस गेला. प्रॉक्सी कायमची बंद झाली. कसली सूचना नाही. पान पुन्हा पांढरं.

तीन दिवस झाले, एकाही वाचकाची तक्रार नाही. वाचकांचा संयम वाखाणण्यासारखा आहे.

आबा म्हणतात, आता लोकांना बरं वाटतंय. बिबट्या गेल्यापासून म्हणायचं असेल.

१९ जानेवारी

आज शिळफाट्याला गेलो होतो. म्हणजे कंपनीत रजा वाढवायला गेलो, तिथून जवळच. दुकानासमोर बाइक उभी केली. इद्रिस गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत होता. मी हेल्मेट घालूनच उभा राहिलो. आत जावं असं दोनदा वाटलं. मग वाटलं की बोलायला नीट शब्द हवेत, तयारी हवी, असं तोंडाला येईल ते बोलून चालत नाही. परत आलो.

घाटवळणावर... नाही, काही नाही. थंडी होती, डोळ्यांतून पाणी येतं बाइकवर.

२३ जानेवारी

नवा निर्णय. मोठा.

दुसऱ्यांच्या फीडवर अवलंबून राहणं ही मूळ चूक. आता स्वतःची फीड काढायची. एक्सएमएल मी हातानं लिहिणार. फाइल माझ्याच साइटवर, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही. माझ्याच साइटवरची फीड माझाच कोड वाचणार, माझंच पान दाखवणार.

पहिली बातमी काय असावी यावर तीन-चार दिवस विचार केला आणि ठरवलं. शीर्षक: दिलगिरी. मजकूर: इद्रिसबद्दल. कॉलेजातला बाक, मला बाइक शिकवताना त्यानं स्वतःचा मोडून घेतलेला हात, आमच्या आईच्या आजारपणात रोज खोपोलीहून कळंबला त्याचं येणं. शेवटी: रस्ता चालू होता. मी बघितला होता.

हे लिहायला जमलं. तोंडानं नसतं जमलं.

सुरभीला वाचायला दिलं. तिनं बराच वेळ वाचलं. म्हणाली, छान आहे, आता हे त्याला जाऊन सांगा. मी म्हणालो, फीडमध्ये आलं की दिसेलच. ती म्हणाली की तो तुमचा मित्र आहे, सबस्क्रायबर नाही.

तंत्रज्ञान तिचा विषय नाही.

२८ जानेवारी

दिलगिरी लोड होत नाही. कुठला तरी डबा बंद करायचा राहिलाय. शोधतोय.

३० जानेवारी

एक डबा बंद केला. दुसरा उघडा पडला.

कंपनीतून फोन. साहेब म्हणाले, घरगुती कारण संपलं का. मी म्हणालो, रविवारपर्यंत नक्की.

१ फेब्रुवारी, सकाळ

रविवार. आज दिलगिरी प्रसिद्ध होणारच. कानाला हेडफोन, दार लोटलेलं, मधे कोणी बोलायचं नाही असं सगळ्यांना सांगितलंय. एकाग्रता.

दुपार

भूक लागली म्हणून उठलो. स्वयंपाकघरात काही नाही. सुरभी नाही. आबा नाहीत. शेळी आहे.

आबा बाहेर जात नाहीत. सुरभीला आज सुट्टी आहे. सुंदरामावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, तुला ठाव नाय का रं, आणि पुढे काही सांगेनात. हसत होत्या.

फोन म्यूट होता. बघितला नाही. आधी सहाव्या ओळीचा एरर संपवतो.

संध्याकाळ

आले दोघं. आबांनी नवी टोपी घातलेली. सुरभीच्या हातात स्टीलचा मोठा डबा. हुमा आणि शोएब माहेरी आलेत, इद्रिसकडे दावत होती. आबा बऱ्याच दिवसांनी एवढे खूश दिसले. म्हणाले, पोरगा लय ग्वाड हाय, जहाजावरचं सांगत व्हता.

मी विचारलं की तुम्ही गेलात कशानं. सुरभी म्हणाली, इद्रिसभाई स्वतः गाडी घेऊन न्यायला आले होते. शिळफाट्याहून कळंबपर्यंत. आपल्या सगळ्यांना. अंगणात आबांच्या बाजेवर किती वेळ बसून होते.

मला वाईट वाटलं. मी म्हणालो, मग आत येऊन मला हाक मारायची.

ती डबा ओट्यावर ठेवत म्हणाली, "मारली ना. दारात उभं राहून दोनदा जितू म्हणाले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, पाच मिनिटं थांब, इद्रिसला सॉरी पाठवतोय."

डबा कोमट आहे. सहाव्या ओळीचा एरर अजून तसाच.